रुबेला : पुरळ तीन दिवसांचं, नुकसान जन्मभराचं



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात लसीकरणाचा दिवस होता. एक आजी सोळा महिन्यांच्या नातवाला कडेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या. सिस्टरांनी कार्ड पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘आज गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आहे.’’ आजींनी लगेच विचारलं, ‘‘गोवराची द्या की, नाही कोण म्हणतंय! पण रुबेला म्हणजे पोटुशी बाईला नडतो तोच ना? मग माझ्या नातवाला ती सुई कशापायी? तो काय बाळंत होणार हाय?’’

रांगेतल्या सगळ्या जणी हसल्या. आम्हीही हसलो. पण आजींचा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. चांगल्या शिकलेल्या माणसांनाही त्याचं उत्तर देता येत नाही. आणि उत्तर माहीत नसलं की दुसरा डोस ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून राहून जातो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर रुबेलाबद्दल बोलू. आजींना रांगेत दोन मिनिटांत जे सांगितलं, तेच इथे नीट उलगडून सांगतो.

रुबेला म्हणजे काय?

रुबेला हा विषाणूमुळे होणारा आजार आहे. त्याला जर्मन गोवर असंही म्हणतात. तो जर्मनीतून आलेला नाही. तिथल्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन आधी केलं, म्हणून ते नाव पडलं. नावात गोवर असला तरी आपला नेहमीचा गोवर वेगळा आणि रुबेला वेगळा. दोघांचे विषाणू वेगळे आहेत.

गोवरात मूल तापाने फणफणतं, डोळे लाल होतात, खोकला-सर्दी जोरात असते, पुढे न्यूमोनिया होऊन मूल दगावूही शकतं. रुबेलात तसं काही दिसत नाही. बारीक ताप येतो. चेहऱ्यावर फिकट गुलाबी पुरळ उठतं, ते अंगावर उतरतं आणि साधारण तीन दिवसांत मावळतं. कानामागे आणि मानेच्या मागच्या बाजूला गाठी येतात, हात लावला की दुखतात. मोठ्या बायकांना काही दिवस बोटांचे, मनगटांचे, गुडघ्यांचे सांधे धरतात. मूल मात्र बहुतेक वेळा खेळत असतं. आई म्हणते, ‘‘उष्णता झाली असेल,’’ नाहीतर ‘‘घामोळं उठलंय.’’ आपल्या सावळ्या अंगावर ते फिकट पुरळ पटकन नजरेतही भरत नाही. शिवाय रुबेला होणाऱ्या कितीतरी जणांना पुरळ येतच नाही, ताप येत नाही, काहीच कळत नाही. तरीही त्यांच्यापासून दुसऱ्याला लागण होते.

हा आजार खोकल्यातून, शिंकेतून, जवळ बसून बोलताना उडणाऱ्या थेंबांतून पसरतो. विषाणू अंगात शिरल्यावर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी लक्षणं दिसतात. पुरळ उठण्याच्या आधी जवळजवळ आठवडाभर आणि उठल्यानंतर आठवडाभर तो माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणजे पुरळ दिसल्यावर मुलाला घरात ठेवलं तरी त्याआधीचा आठवडा हातातून गेलेलाच असतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसं, दोन घरांच्या मधे एकच भिंत, नळावर एकच रांग, अशा ठिकाणी ‘लांब राहा’ एवढं सांगून रुबेला थांबत नाही. तो थांबतो लसीने.

पोटातल्या बाळाचं काय होतं?

मुलासाठी तीन दिवसांचा असलेला हा आजार गरोदर बाईला झाला तर सगळं चित्र बदलतं. बाईला स्वतःला फारसा त्रास होत नाही. पण विषाणू तिच्या रक्तातून वारेत जातो आणि वारेतून बाळापर्यंत पोचतो.

पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे डोळे, कान, हृदय, मेंदू तयार होत असतात. नेमक्या त्या वेळी विषाणू आत शिरला तर ते काम बिघडतं. पहिल्या बारा आठवड्यांत आईला रुबेला झाला, तर शंभरातल्या नव्वदपर्यंत बाळांना त्याचा फटका बसू शकतो. कधी गर्भ पडतो, कधी मूल पोटातच जातं. जगलंच तर जन्मतःच डोळ्यांत मोतीबिंदू असू शकतो. कानाने ऐकू येत नाही, आणि हे सगळ्यात जास्त आढळतं. हृदयाची जी नळी जन्मानंतर बंद व्हायला हवी ती उघडी राहते, किंवा फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद राहते. डोकं लहान राहतं, बुद्धीची वाढ मागे पडते. काहींना पुढे मोठेपणी मधुमेह होतो, थायरॉईडचा त्रास होतो. एकाच बाळाला यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्रही होऊ शकतात. याला जन्मजात रुबेला म्हणतात.

बारा आठवड्यांनंतर धोका कमी होत जातो, पण चौथ्या महिन्यातही ऐकू न येण्याची भीती राहते. पाच महिने झाल्यावर असं व्यंग क्वचितच होतं.

यातली खरी अडचण नीट लक्षात घ्या. सगळ्यात धोक्याचे जे आठवडे, त्यातले पहिले पाच-सहा तर बाईला आपण गरोदर आहोत हेही माहीत नसतं. पाळी चुकते, ती थोडे दिवस वाट बघते, मग तपासणी करते. नाव नोंदवायला जाईपर्यंत दुसरा-तिसरा महिना लागलेला असतो. म्हणून रुबेलापासूनचं संरक्षण गरोदरपणात करता येत नाही. ते त्याच्या आधीच झालेलं असावं लागतं.

आयांच्या बोलण्याकडे कान देणारा डॉक्टर

हे जगाला कसं कळलं, तेही सांगायला हवं. १९४१ साल. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात नॉर्मन ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे अचानक मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं येऊ लागली. एखाद-दुसरं असतं तर वेगळी गोष्ट, पण इतकी सगळी एकदम कशी? ग्रेग यांनी आयांना विचारायला सुरुवात केली. एकामागून एक आया सांगू लागल्या की पोट राहिल्यावर सुरुवातीलाच आम्हाला जर्मन गोवर झाला होता. त्याच्या आदल्याच वर्षी त्या देशात रुबेलाची मोठी साथ येऊन गेली होती. ग्रेग यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडूनही माहिती मिळवून अशा ७८ बाळांची नोंद जमवली आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये मेलबर्नला डॉक्टरांच्या सभेत मांडली. इतका साधा आजार पोटातल्या बाळाला एवढं नुकसान करतो, हे तेव्हा अनेकांना पटलं नाही. पुढे ते खरं ठरलं.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण असं मूल जन्मलं की आपल्याकडे आजही पहिलं बोट आईकडे जातं. ‘ग्रहणात भाजी चिरली असेल.’ ‘नको तिथे पाय पडला असेल.’ ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.’ आपण देव्हारे घरातून काढले, पण ग्रहणाची भीती काही घरांतून अजून निघालेली नाही, हे आम्ही बाळंतिणींच्या खाटेशी उभं राहून पाहिलेलं आहे. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते कारण शोधायचं असतं, ही तर आपल्याला मिळालेली शिकवण. जन्मजात रुबेलाचं कारण आहे एक विषाणू. त्यात आईचा दोष नाही, बाळाचा तर नाहीच नाही.

१९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची प्रचंड साथ आली. तिथे सुमारे वीस हजार बाळं जन्मजात रुबेला घेऊन जन्मली. त्यातली अकरा हजारांहून जास्त बहिरी होती, साडेतीन हजार आंधळी. हजारो गर्भ पडले. त्यानंतर १९६९ साली लस वापरात आली. पुढे स्टॅन्ली प्लॉटकिन या शास्त्रज्ञाने तयार केलेली लस जास्त चांगली ठरली आणि जगभर तीच पसरली. आपल्या बाळांना मिळणाऱ्या गोवर-रुबेला लसीतही तोच रुबेलाचा कमजोर केलेला विषाणू असतो, आणि ही लस आपल्या पुण्यातही तयार होते. २०१५ साली उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंड रुबेलामुक्त जाहीर झाले. आपल्या शेजारच्या श्रीलंकेने आणि मालदीवनेही २०२० मध्ये ते करून दाखवलं. म्हणजे हे होण्यासारखं आहे.

मग मुलग्याला सुई कशासाठी?

आता आजींचा प्रश्न. मुलगा बाळंत होणार नाही, हे खरं. पण रुबेला घरी आणतो कोण? बालवाडीतून, शाळेतून, खेळाच्या मैदानावरून तो लहान मुलंच घेऊन येतात. त्यात मुलगे आले आणि मुलीही आल्या. त्या मुलाची आई दुसऱ्यांदा गरोदर असेल. काकू नवीन लग्न होऊन आलेली असेल. शेजारची ताई त्याला कौतुकाने उचलून मुका घेत असेल. तिला दोन महिने झालेत हे अजून तिच्या सासूलाही माहीत नसेल. मुलाच्या अंगावर चार ठिपके उठतात आणि जातात. सात-आठ महिन्यांनी शेजारच्या घरात ज्याला ऐकू येत नाही असं बाळ जन्मतं. दोन्ही गोष्टींचा संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून आम्ही आजींना म्हणालो, ‘‘आजी, यातली गोवराची लस तुमच्या नातवासाठी आहे. रुबेलाची लस त्याच्या काकूच्या पोटातल्या बाळासाठी आहे. पण द्यावी लागते ती नातवाला.’’

आणि ती जवळजवळ सगळ्यांना द्यावी लागते. अर्ध्यांना देऊन भागत नाही. किंबहुना अर्धवट लसीकरण कधी कधी उलटं नडतं. ग्रीस देशात ते घडलेलं आहे. तिथे १९७५ च्या सुमारास ही लस आली, पण बरीच वर्षं निम्म्याहून कमी मुलांनाच मिळत होती. त्यामुळे काय झालं? विषाणूचं फिरणं मंदावलं, पण थांबलं नाही. ज्या मुलींना पूर्वी पाचव्या-सहाव्या वर्षी रुबेला होऊन जायचा आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळायची, त्यांना लहानपणी तो झाला नाही आणि लसही मिळाली नाही. त्या तशाच मोठ्या झाल्या. १९९३ मध्ये साथ आली तेव्हा ती या तरुण बायकांमध्ये पसरली आणि जन्मजात रुबेला असलेल्या २५ बाळांची नोंद झाली. छोट्या देशासाठी हा आकडा फार मोठा होता.

याचा अर्थ लस वाईट असा नाही. अर्ध्यावर सोडलेलं काम वाईट, असा आहे. आपल्याकडे शंभरातल्या किमान ९५ बाळांना दोन्ही डोस मिळावेत असं उद्दिष्ट ठेवलंय ते याचसाठी. आपल्या गल्लीत वीस बाळं असतील आणि त्यातल्या पाच जणांचा डोस राहिला, तर तो फक्त त्या पाच घरांचा प्रश्न राहत नाही.

लस कधी आणि कुठे?

सरकारी कार्यक्रमात ही लस गोवराबरोबर एकत्र मिळते. तिला एमआर म्हणतात. पैसे पडत नाहीत.

पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, वर्षाच्या आत. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. सुई उजव्या दंडावर देतात. पहिल्या डोसाबरोबर जीवनसत्त्व ‘अ’चा डोसही पाजतात.

वेळ चुकली तर? ‘आता उशीर झाला, जाऊ द्या’ असं म्हणू नका. पाच वर्षांचं होईपर्यंत राहिलेले डोस घेता येतात. फक्त दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर हवं. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर बाहेरगावी गेलात, तर कार्ड बरोबर न्या. जिथे असाल तिथल्या सरकारी केंद्रात डोस मिळतो. कार्ड हरवलं असेल तरी बाळाला घेऊन जा.

ही लस पूड स्वरूपात असते. पाणी घालून बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. म्हणून कधी कधी ‘अजून बाळं येऊ द्या, मग उघडू’ असं ऐकायला मिळतं. पण लस वाया जाईल म्हणून आलेल्या बाळाला परत पाठवायचं नसतं. एका बाळासाठीही बाटली उघडायची असते. तुमच्या बाबतीत तसं झालं तर भांडू नका, पण ठामपणे विचारा, आणि आशाताईंच्या कानावर घाला.

सुई दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा. त्या जागी थोडं दुखतं. पाच ते बारा दिवसांच्या दरम्यान एखाद्या बाळाला बारीक ताप किंवा थोडं पुरळ येतं आणि आपोआप जातं. साधी सर्दी असेल, पोट थोडं बिघडलं असेल, तरी लस देता येते. बाळ तापाने फणफणलं असेल, आधीच्या डोसाला अंगावर मोठी रिअ‍ॅक्शन आली असेल, किंवा एखाद्या आजारामुळे त्याची प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा.

आणि ती जुनी अफवा. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळाशाळांतून लस दिली. तेव्हा ‘या सुईने पुढे मूल होत नाही’ असे मेसेज मोबाईलवर फिरले. काही आईवडिलांनी त्या दिवशी मुलं शाळेत पाठवलीच नाहीत. रुबेलाची लस जगात पन्नास वर्षांहून जास्त काळ वापरली जाते. तिने मूल न होण्याचा काही संबंध नाही. उलट ही लस होणारं मूल धडधाकट व्हावं म्हणूनच आहे.

मुंबईत २०२२ च्या अखेरीला गोवराची साथ आली, मुलं दगावली. ती सगळ्यात जास्त पसरली ती गोवंडीसारख्या दाटीच्या वस्त्यांमध्ये, आणि आजारी पडलेल्यांत लस न झालेली मुलं खूप होती. गोवराची आणि रुबेलाची सुई एकच आहे. म्हणजे जिथे गोवर पसरायला वाट मिळते, तिथे रुबेलालाही मिळते. गोवर दिसतो, त्याची बातमी होते. रुबेला दिसत नाही, एवढाच फरक.

लग्नाच्या वयाच्या मुलींचं काय?

‘आमच्या लहानपणी सगळ्या सुया झाल्यात’ असं बऱ्याच जणी सांगतात. झाल्या असतील. पण महाराष्ट्रात २०१८ च्या आधी सरकारी कार्यक्रमात नऊ महिन्यांना मिळायची ती फक्त गोवराची लस. त्यात रुबेला नव्हता. ज्यांचा जन्म २००३ किंवा त्याच्या आधीचा आहे, त्यातल्या बहुतेक जणी २०१८ च्या मोहिमेतही वयामुळे बसल्या नाहीत. त्यातल्या पुष्कळ जणींना लहानपणी न कळत रुबेला होऊन गेलेला असतो, त्यांना आता भीती नाही. पण कुणाला होऊन गेला आणि कुणाला नाही, हे चेहरा बघून सांगता येत नाही.

म्हणून लग्न ठरलेल्या किंवा मूल होऊ द्यायचा विचार करणाऱ्या मुलींनी एकदा डॉक्टरांना रुबेलाबद्दल विचारावं. रक्ताच्या तपासणीने संरक्षण आहे की नाही ते कळतं. तपासणी न करता थेट लस घेतली तरी चालते. आधीच संरक्षण असेल तर लसीने काही बिघडत नाही. मोठ्या वयासाठी ही लस सरकारच्या नेहमीच्या वेळापत्रकात नाही. खासगीत गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिघांची मिळून एमएमआर लस मिळते, तिला पैसे पडतात. जवळच्या सरकारी रुग्णालयात आधी चौकशी करावी. हळद आणि मांडवाच्या हिशेबात या एका सुईचा खर्च धरला तर फार काही जड होणार नाही.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. गरोदरपणात ही लस घ्यायची नाही. लस घेतल्यावर एक महिना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. आणि चुकून दिवस गेलेले असताना लस घेतली गेली, तर घाबरून गर्भ काढायला जाऊ नका. लसीमुळे बाळाला जन्मजात रुबेला झाल्याचं आढळलेलं नाही. डॉक्टरांना सांगा, एवढंच. बाळंतपण झाल्यावर, अंगावर पाजत असतानाही ही लस घेता येते.

‘पॉझिटिव्ह’ रिपोर्टची भीती

एक सून एकदा रडत आमच्याकडे आली. दोनदा गर्भ पडला होता, म्हणून बाहेर ‘टॉर्च’ नावाची तपासणी सांगितली होती. कागदावर लिहिलेलं होतं, रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह. घरात गोंधळ उडाला. ‘हिच्या अंगात रोग आहे, हिला मूल होणार नाही’ इथपर्यंत बोलणं गेलं होतं.

आम्ही तिला कागद वाचून दाखवला. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तुझ्या अंगात रुबेलाशी लढणारे सैनिक आधीच तयार आहेत. लहानपणी कधीतरी रुबेला होऊन गेला असेल किंवा लस मिळाली असेल. ही चांगली बातमी आहे. यावर औषध घ्यायचं नसतं, आणि दोनदा गर्भ पडण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. नवऱ्याला बोलावून त्यालाही हेच सांगितलं. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, ‘‘आता घरी मीच वाचून दाखवतो.’’

आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर मात्र लागण अलीकडची असू शकते, आणि तेव्हा डॉक्टरांना लगेच दाखवायला हवं. पण ही तपासणी कधी कधी चुकीचीही पॉझिटिव्ह येते. म्हणून एकाच कागदावर मोठा निर्णय घ्यायचा नाही. पुन्हा तपासणी करून, मोठ्या रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यायचा.

गरोदर बाईच्या अंगावर पुरळ उठलं, किंवा घरात-शेजारी कुणाला पुरळ आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. फोन करून जा, म्हणजे तुम्हाला बाकीच्या गरोदर बायकांच्या रांगेत बसवणार नाहीत. ‘देवी आली’ म्हणून कडुनिंबाचा पाला लावून घरात बसू नका. रुबेलाचा विषाणू मारणारं औषध नाही, पण लागण नक्की झाली आहे का आणि कितव्या आठवड्यात झाली, हे कळणं फार महत्त्वाचं असतं. सुरुवातीच्या आठवड्यांतली लागण पक्की ठरली तर पुढे काय करायचं हे डॉक्टर समजावून सांगतात. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात कायद्याने करता येतो. पण निर्णय त्या बाईचा. सासूचा नाही, नवऱ्याचा एकट्याचा नाही आणि आमचाही नाही.

असं बाळ घरात असेल तर

बाळाच्या बुबुळात पांढरट चमक दिसते का, मोठा आवाज झाला तर ते दचकतं का, दूध ओढताना धाप लागते का, ओठ निळे पडतात का, हे बघा. शंका आली तर ‘मोठं झालं की होईल बरं’ म्हणून थांबू नका. जन्मजात मोतीबिंदूचं ऑपरेशन पहिल्या काही आठवड्यांत झालं तरच नजर चांगली येण्याची आशा असते. ऐकू न येणाऱ्या बाळालाही जितकं लवकर यंत्र आणि शिकवण मिळेल, तितकं त्याचं बोलणं आणि शिकणं सुधारतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते आणि पुढच्या उपचारासाठी पाठवलं जातं. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत त्यांचं पथक येतं. आशाताईंना विचारून जिल्ह्याच्या केंद्रात बाळाला घेऊन जा.

अशा बाळाच्या लाळेतून, लघवीतून विषाणू वर्षभर किंवा थोडा जास्त काळही बाहेर पडू शकतो. म्हणून गरोदर बायकांनी, ज्यांना संरक्षण आहे याची खात्री नाही त्यांनी, तेवढा काळ त्याला हाताळू नये. बाकीच्यांनी त्याला खुशाल उचलून घ्यावं, खेळवावं. बाळाला आणि आईला वाळीत टाकल्यासारखं कुणी वागू नये. वाळीत टाकलं जाणं म्हणजे काय असतं, ते आपल्या घरांना नव्याने सांगायची गरज नाही.

आपण काय करायचं?

काम अवघड नाही. पुढच्या रविवारी विहारात महिला मंडळ जमेल तेव्हा एक वही घ्या. आपल्या गल्लीतल्या दोन वर्षांपर्यंतच्या बाळांची नावं लिहा. प्रत्येकापुढे दोन रकाने करा, नऊ महिन्यांचा डोस आणि सोळा महिन्यांचा डोस. कार्ड बघूनच खूण करा, ‘झालाय बहुतेक’ यावर नको. ज्याचा डोस राहिलाय त्याच्या घरी दोघी-तिघी जणी मिळून जा. आई कामावर जात असेल आणि लसीकरणाच्या दिवशी तिचा खाडा होत असेल, तर बाळाला न्यायला आजी जाईल की शेजारीण, ते आधीच ठरवून टाका. पाच वर्षांच्या आतली राहिलेली मुलंही त्याच वहीत घ्या. आणि शेवटच्या पानावर लग्नाच्या वयाच्या मुलींसाठी एक यादी करा, डॉक्टरांना विचारलं की नाही त्याची. दर दोन महिन्यांनी वही उघडा.

त्या दिवशी आजींच्या नातवाला डोस दिला. तो रडला, मग बिस्किट मिळाल्यावर गप्प झाला. आजी अर्धा तास बाकावर बसून होत्या. जाता जाता त्यांनी विचारलं, ‘‘आमच्या गल्लीत वरच्या खोलीत भाड्याने एक कुटुंब आलंय, त्यांचं पोर दोन वर्षांचं हाय. त्याला झाली असंल का सुई?’’

आम्ही म्हटलं, ‘‘माहीत नाही आजी. चला, विचारून येऊ.’’